सुईएवढे छिद्र

अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर हे तालुके आणि अकोला जिल्ह्यातील अकोटचा पट्टा संत्र्यासाठी ओळखला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी पाण्याचा निचरा होणारी जमीन, विहिरीचे पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव यांवर येथील बगीचे उभे आहेत. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘नागपूर संत्रा’ या नावाने. परंतु त्या नावाने देशभर जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा वऱ्हाडच्या मातीतला असतो, हे या व्यापारात असलेल्या घरांना सांगावयास नको.

संत्र्याला येथे दोन बहार येतात. मृगाच्या पावसावर फुलणारा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीला येतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार दसरा-दिवाळीपासून बाजारात उतरू लागतो. पैकी आंबियाचे फळ रंगावर येते ते पावसाळा सरता सरता, म्हणजे रान सर्वांत हिरवे असताना. पुढे जे सांगावयाचे आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

संत्र्याचा बगीचा पुष्कळदा उभाच विकला जातो. फळ झाडावर असताना व्यापारी पाहणी करतो, अंदाज बांधतो, इसार देतो आणि चिठ्ठी होते. त्या दिवसापासून तोडणीपर्यंतचा काळ दोघांच्याही भरवशाचा. झाडावरचे फळ बागवानाच्या राखणीत असते, पण जीव व्यापाऱ्याचा टांगलेला असतो. अशा व्यवहाराला कागदापेक्षा माणसाचा आधार अधिक लागतो. हा आधार सुईएवढ्या छिद्रातून कसा गळू लागतो, याची ही हकीकत आहे.

मोर्शी रस्त्यावरील एका गावचे पाटील आणि अमरावतीचे एक शेठजी यांच्या घरांचा व्यवहार वडिलांच्या काळापासूनचा. पाटलांचा बगीचा दर वर्षी शेठजींच्याच पेढीला जाई. भाव ठरविताना दोघे तासभर घासाघीस करीत आणि चहा घेऊन उठत; लेखी चिठ्ठी कित्येकदा मागाहून होई. पर्युषण पर्व संपून पंधरवडा झाला होता. आंबियाचा पहिला तोडा झाला, 220 कॅरेट माल दिल्लीला रवाना झाला. तिसऱ्या दिवशी तेथील आडत्याचा फोन आला : मालात सड आहे, तिसरा हिस्सा फेकावा लागेल.

शेठजींनी पाटलांना फोन लावला. बोलताना तोल गेला. “पाटील, गळीचा माल कॅरेटात घातला गेला आहे. तुमच्या वडिलांच्या काळी असे कधी घडले नव्हते.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, “मी काऊन असं करीन जी, शेठजी? माल झाडावर असतानी एक डाग नोता. तुमच्याच माणसाईनं तोडला, तुमच्याच माणसाईनं भरला. दोन रोज गोदामात कोनी ठेवला, ते इचारा.”

दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि दोघांनाही दुसरा खोटा वाटत होता. नुकसानीची रक्कम मोठी होतीच, पण चाळीस वर्षांच्या खात्यात प्रथमच असा शब्द पडला होता.

शेठजींची नात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकते. 1969 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी विदर्भातील शेतीचे निकटचे नाते आहे. ती दसऱ्याच्या सुट्टीत घरी आली होती. दादाजींचा चढलेला आवाज तिने ऐकला. गोदामात त्याच तोड्यातील काही कॅरेट शिल्लक होती. त्यांतील एक नरम पडलेले फळ तिने उचलले आणि बोटांनी हलकेच दाबले. सालीवरील एका बारीक छिद्रातून रसाची चिळकांडी उडाली.

“दादाजी, हे फळ गळीचे नाही,” ती म्हणाली, “आणि गोदामानेही ते नासवलेले नाही. तोडणीच्या एक-दोन रात्री आधी याचा रस कोणीतरी प्यायला आहे.”

तिने सुरीने साल सोलून दाखविली. छिद्राखालचा पांढरा गर स्पंजासारखा झालेला, त्याखालच्या फोडी कोरड्या आणि आसपास तपकिरी वर्तुळ पसरू लागलेले. संत्रा अनेक कारणांनी सडतो आणि गळतो. प्रत्येक कारणाची खूण निराळी असते. फळमाशीने अंडी घातली असतील तर फोडीत पांढऱ्या, पाय नसलेल्या बारीक अळ्या वळवळताना दिसतात. अतिपावसात बुरशीने फळ कुजले असेल तर डाग पसरट असतो आणि त्याच्या मध्यभागी छिद्र नसते. देठाकडून कुज आली असेल तर ती देठापासून खाली उतरते. येथे मात्र एकच गोल, सुईने टोचल्यासारखे छिद्र, आत अळी नाही, आणि दाबले की रस बाहेर. ही खूण रसशोषक पतंगाची. छिद्र पडल्यावर पहिला दिवसभर फळ वरून धडधाकट दिसते. तोडणाऱ्याला ते कळत नाही, भरणाऱ्याला कळत नाही. मग त्याच छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि प्रवासात फळ नासते. झाडावरच राहिले तर तेच फळ थोड्या दिवसांत गळून पडते.

म्हणजे पाटलांचे म्हणणे बरोबर होते, झाडावर डाग नव्हता. शेठजींचेही बरोबर होते, माल भरतानाच सदोष होता.

“हा पतंग तुम्ही पाहिला आहे का?” नातीने विचारले. शेठजींनी मान हलविली. आयुष्य संत्र्यात गेले, पण तो त्यांनी पाहिला नव्हता. त्यात नवल नाही. न दिसणे हाच त्याचा बचाव आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून आजोबा आणि नात पाटलांच्या बगीच्यावर गेले. पाटील काही न बोलता कंदील घेऊन पुढे झाले. अंधार पडून तासभर लोटल्यावर नातीने विजेरीचा झोत झाडांवरून सावकाश फिरविला. पिकत आलेल्या फळांच्या कडेला लालसर-केशरी ठिणग्यांच्या जोड्या चमकल्या. ते पतंगांचे डोळे होते. जवळ जाऊन पाहिले तेव्हा एक मोठा, जाडजूड अंगाचा पतंग फळावर बसून पंख थरथरवीत होता आणि त्याची सोंड सालीत रुतलेली होती.

फुलपाखरांची व बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. फुलातील मध किंवा आधीच फुटलेल्या फळाचा रस तेवढा तिला ओढता येतो. या पतंगाची गोष्ट वेगळी. त्याची सोंड सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून टोकाशी कठीण आहे, आणि त्या टोकावर करवतीसारखे बारीक काटे आहेत. ती मागेपुढे हलवीत तो संत्र्याची जाड साल भेदतो. त्याने पाडलेल्या छिद्राशी मग मऊ सोंडेचे दुसरे पतंगही गोळा होतात. म्हणून फळावर बसलेला प्रत्येक पतंग दोषी नसतो. पहिला घाव घालणारा एक आणि मागाहून पंगतीला बसणारे अनेक, असा तो प्रकार असतो.

पहिला घाव घालणाऱ्यास ओळखावयाचे कसे? त्याचे पुढचे पंख आणि मागचे पंख जणू दोन वेगळ्या जीवांचे असावेत इतके भिन्न आहेत. पुढचे पंख तपकिरी, हिरवट-राखाडी, शेवाळलेल्या सालीसारखे. त्यांवर पानाच्या शिरेसारख्या रेषा आणि वाळत चाललेल्या पानावर असतात तसे डाग. दिवसा तो झुडपात किंवा पाचोळ्यात पंख छपरासारखे मिटून बसतो, तेव्हा फक्त हेच पंख दिसतात आणि शेजारच्या वाळक्या पानातून त्याला वेगळे काढणे जाणत्यालाही कठीण जाते. मागचे पंख मात्र झेंडूच्या फुलासारखे पिवळेजर्द-नारिंगी आणि त्यांना काळी किनार. कोणी अगदी जवळ आले की तो एकाएकी हे पंख उघडतो. पक्षी क्षणभर दचकतो, तेवढ्यात हा उडून दुसऱ्या पाचोळ्यात जाऊन बसतो आणि पुन्हा पान होतो.

या कुळातील दोन जाती वऱ्हाडच्या बगीच्यांत विशेष आढळतात. दोन्हींचे शास्त्रीय कुलनाम युडोसिमा. जुन्या पुस्तकांत ते ओथ्रिस असे छापलेले असते. दोघींनाही नाव दिले ते अठराव्या शतकात, स्वीडनच्या कार्ल लिनियसने. एकीला 1763 मध्ये फॅलोनिया, दुसरीला 1767 मध्ये मॅटर्ना. ओळखण्याची सोपी खूण मागच्या पंखावर असते. नारिंगी पंखाच्या मधोमध काळा गोल ठिपका असेल तर तो पतंग मॅटर्ना. त्या जागी स्वल्पविरामासारखा वळलेला जाड काळा पट्टा असेल तर फॅलोनिया. पंख पसरले असता रुंदी आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत भरते. आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत फॅलोनियाचा वावर आहे. संत्र्याखेरीज मोसंबी, डाळिंब, पेरू, आंबा, द्राक्षे यांचेही रसपान तो करतो.

शेठजींनी विचारले, “मेळघाटात सागाच्या पानांची चाळणी करतो, तो हाच का?” हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो, म्हणून त्याचे उत्तर येथे द्यावे. सागाचा पतंग निराळा. हिब्लिया प्युएरा हे त्याचे नाव. तोही पुढचे राखाडी-तपकिरी पंख मिटून सुक्या पानासारखा बसतो, त्याच्याही मागच्या पंखांवर नारिंगी पट्टे असतात. पण तो आकाराने निम्म्याहून लहान, आणि त्याच्या मागच्या पंखांचा मूळ रंग काळपट. शिवाय सागाचे नुकसान त्याची अळी करते, पतंग नाही. संत्र्याच्या बाबतीत नेमके उलट आहे.

येथे या जीवाच्या आयुष्यक्रमातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट येते. आपल्या ओळखीच्या बहुतेक किडींत अळी पीक खाते आणि पतंग निरुपद्रवी असतो. बोंडअळीने कपाशी पोखरली तरी तिचा पतंग बोंडाला तोंड लावीत नाही. रसशोषक पतंगाची अळी मात्र संत्र्याच्या झाडाकडे फिरकतही नाही. ती वाढते रानवेलींवर, मुख्यतः गुळवेल आणि वासनवेल यांवर.

सकाळी तिघांनी बगीच्याचे कुंपण पाहिले. बाभळीवर चढलेल्या गुळवेलीची हृदयाकृती पाने हिरवीगार होती. नातीने पाने उलटून पाहण्यास सुरुवात केली. काही पानांच्या खालच्या अंगाला खसखशीहून थोडी मोठी, फिकट पिवळसर-हिरवी, घुमटाकार अंडी चिकटलेली सापडली. एक मादी आपल्या आयुष्यात अशी काही शे अंडी घालते. तीन-चार दिवसांत त्यांतून अळी निघते. प्रथम ती फिकट आणि सडपातळ असते. कात टाकीत दोन-तीन आठवड्यांत ती पाच-सहा सेंटिमीटरची, मखमली काळपट तपकिरी होते. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंवर दोन-दोन मोठे गोल डाग असतात. पिवळ्या-पांढऱ्या कड्यातील काळी बुबुळेच जणू. धोका वाटला की ती डोके खाली दुमडते, पाठ कमानीसारखी उंचावते आणि शेपटीचे टोक वर धरते. त्या अवस्थेत ते बनावट डोळे समोरच्यावर रोखलेले दिसतात. चालताना ती अर्धवट वाक घेते, म्हणून तिला उंटअळ्यांच्या जवळची मानतात.

पूर्ण वाढ झाल्यावर ती पाने रेशमी धाग्यांनी एकत्र जोडून त्या पुडीत कोष करते. सुमारे दोन आठवड्यांनी कोषातून पतंग बाहेर येतो, पंख सुकवितो आणि पहिल्या रात्रीपासून पिकल्या फळाच्या वासाने उडू लागतो. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण सव्वा महिना लागतो. पावसाळ्यात वेली फोफावल्या की एकामागून एक पिढ्या होतात आणि भाद्रपद-आश्विनात त्यांची संख्या शिगेला पोचते. नेमका तोच आंबियाच्या रंगण्याचा काळ. उन्हाळ्यात वेली वाळतात, पतंग विरळ होतात. म्हणून मृग बहाराला हा जाच तितका होत नाही.

सातपुड्याच्या कुशीतील मुक्तागिरीला जे यात्रेकरू पावसाळ्यानंतर जातात, त्यांनी पायऱ्यांलगतच्या रानाकडे एकदा या दृष्टीने पाहावे. ज्या पाचोळ्यावरून नजर सहज सरकते, त्यात किती पाने पाने नसतील, याचा अंदाज येणार नाही. परतवाड्याकडून वर चढणारे हे रान आणि पायथ्याचे बगीचे यांत अंतर फार थोडे आहे. हा पतंग दमदार उडणारा आहे. रानात जन्मून रात्री बगीच्यात येणे त्याला अवघड नाही. म्हणून केवळ आपले कुंपण स्वच्छ केले म्हणजे काम संपले असे होत नाही.

अळ्या पाहून पाटील म्हणाले, “पोरी, आता औषध सांग. गूळ-पान्यात जहर टाकून ठेवतो, सारे एका राती साफ होतीन.”

विषारी आमिषाचा हा उपाय प्रचारात आहे; कृषी खात्याच्या जुन्या शिफारशींतही तो आढळतो. शेठजी गप्प झाले. त्यांच्या घरात पतंग हा चतुरिंद्रिय जीव आहे हे मुलांना पाटीबरोबर शिकविले जाते : स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी असलेला, म्हणजे पाहणारा आणि भिणारा जीव. दिव्यावर झेप घेऊन जळू नये म्हणून ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवस मावळण्याआधी चूल विझते, त्या घरच्या माणसाने हजारो पतंगांच्या विषबाधेला हो कसे म्हणावे? आणि नाही तरी कसे म्हणावे? बगीचा पाटलांचा. त्यांच्यावर सोसायटीचे कर्ज, घरात मुलीचे लग्न. आपली अहिंसा दुसऱ्याच्या खिशातून पाळणे हाही एक प्रकारचा अन्याय आहे, हे चाळीस वर्षे वहीखाते लिहिणाऱ्यास समजत होते.

शेवटी त्यांनी नातीलाच विचारले, “न मारता काही होते का? होत असेल तर किती होते, ते खरे सांग. आम्हाला बरे वाटावे म्हणून सांगू नकोस.”

तिने खरे सांगितले. पूर्ण बंदोबस्त कशानेच होत नाही, विषानेही नाही. कारण रोज रात्री रानातून नवे पतंग येतात आणि त्या गुळाच्या पाण्यावर मधमाश्याही बसतात. न मारता नुकसान कमी करण्याचे उपाय मात्र आहेत.

पहिला, गळलेले व सडके फळ रोज उचलून खोल खड्ड्यात पुरणे. सडणाऱ्या फळाचा वास हेच पतंगाला आमंत्रण असते. पाटलांच्या बगीच्यात आठ दिवसांची गळ तशीच झाडाखाली होती.

दुसरा, फळ रंगावर येऊ लागल्यापासून तोडणीपर्यंत सूर्यास्तानंतर बगीच्यात जागोजागी ओलसर पालापाचोळ्याचा धूर करणे. धुराने फळाचा वास झाकला जातो आणि पतंग दूर राहतो. जाळ होऊ देऊ नये. उघड्या जाळाने झाडही होरपळते आणि इतर जीवही त्यात पडतात. पाचोळा पेटविण्यापूर्वी तो हलवून घ्यावा, कारण दिवसा त्यातच हे जीव दडलेले असतात.

तिसरा उपाय ऐकून शेठजींना आश्चर्य वाटले. हा पतंग इतर पतंगांसारखा दिव्याकडे फारसा ओढला जात नाही. उलट जपानमध्ये पीच आणि नासपतीच्या बागांत रात्रभर पिवळे दिवे लावून अशा फळभेदी पतंगांना आवर घातला जातो. पिवळ्या उजेडात त्यांच्या डोळ्यांना दिवस असल्याचा भास होतो आणि ते फळाला न शिवता बसून राहतात. आपल्याकडे विजेचा भरवसा आणि खर्च पाहता सगळा बगीचा उजळणे अवघड. पण रानाकडच्या एका बाजूला हा प्रयोग करून पाहता येतो.

चौथा, फळांना कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे. डाळिंबाला हे परवडते, परसातल्या दहा-वीस संत्र्यांनाही परवडते. हजारो फळांच्या बगीच्यात ते व्यवहार्य नाही, हे तिने आपण होऊन सांगितले.

पाचवा उपाय पुढच्या वर्षासाठी. कुंपणावरची गुळवेल आणि वासनवेल काढून टाकण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करीतच असतात. प्रश्न ती कधी काढावी याचा आहे. आश्विनात वेल तोडली तर तिच्यावरच्या अळ्या उपाशी मरतात. तीच वेल वैशाख-ज्येष्ठात, पाने झडलेली आणि अंडी-अळ्या नसलेली असताना मुळासकट काढली, तर कोणाचा जीव जात नाही आणि पावसाळ्यात पतंगाला बगीच्याजवळ अंडी घालावयास जागा राहत नाही. उन्हाळ्यात काढलेली गुळवेलीची खोडे औषधालाही उत्तम. काष्ठौषधीच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक असते, हे अमरावतीच्या व्यापाऱ्याला ठाऊक होतेच. रानातली गुळवेल मात्र रानात राहू द्यावी. ती त्या जीवाचे घर आहे आणि तिथे ती कोणाचे नुकसान करीत नाही.

शेठजींनी हिशेब मनातल्या मनात केला आणि मग म्हणाले, “पाटील, विष टाकायचे की नाही हे ठरविणारा मी कोण? बगीचा तुमचा आहे. पण तुम्ही या मोसमात ते टाकले नाही, तर धूर करणाऱ्या माणसांची मजुरी, गळ उचलण्याची मजुरी आणि दिव्यांचा खर्च माझा. दिल्लीला जे नासले त्यातले अर्धे माझ्या नावे टाका. आणि यापुढे जे कमी भरेल, ते चिठ्ठीप्रमाणे माझेच.”

पाटील बराच वेळ बोलले नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा जोखमीचा होता. बगीचा खराब झाला असता तर पुढच्या वर्षी त्याचा भावच पडला असता. मग ते म्हणाले, “शेठजी, पैशाचं पाहू मागाहून. पन तुमी फोनवर माह्या बापाचं नाव घेतलं होतं.”

शेठजींना ते लागले. पंधरा दिवसांपूर्वीच क्षमापनेची दीडशे पत्रे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. नातेवाईक, स्नेही, पेढ्यांचे मालक, परगावचे आडते. कोणी सुटू नये म्हणून यादी दोनदा तपासली होती. त्या यादीत या माणसाचे नाव नव्हते, आणि गेल्या चाळीस वर्षांत ते एकदाही नव्हते. तो आपल्या समाजाचा नाही म्हणून ते कधी सुचलेच नव्हते. ज्याच्याशी वर्षभर पैशाची देवघेव, ज्याच्यावर वर्षातून चार वेळा आवाज चढतो, त्याच्याकडे क्षमा मागण्याचे कारण अधिक असते, हे त्या कुंपणाशी उभे असताना त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पाटलांपुढे हात जोडले. पाटलांनी ते हात धरून खाली केले आणि म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

त्या मोसमात विष टाकले गेले नाही. रोज संध्याकाळी बगीच्यात धूर झाला, गळ उचलली गेली, रानाकडच्या कडेला पिवळे दिवे लागले. तोडणीची रीतही बदलली. तोडलेला माल एक रात्र सावलीत ठेवून दुसऱ्या सकाळी प्रत्येक फळ हाताखालून जाऊ लागले आणि ज्याच्या छिद्रातून रस येईल ते बाजूला पडू लागले. तरीही फळे टोचली गेलीच. काही झाडांखाली गळ होतीच. नफा मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला, हे दोघांच्याही वहीत लिहिलेले आहे. दिल्लीहून सडीची तक्रार मात्र पुन्हा आली नाही, आणि दोन घरांमध्ये त्या फोनसारखा फोनही पुन्हा झाला नाही.

इसाराच्या चिठ्ठीत आता एक ओळ वाढली आहे : पतंगाने टोचलेले फळ तोडणीपूर्वी दोन्ही पक्षांनी मिळून पाहावे आणि नुकसान निम्मे-निम्मे सोसावे. ज्या ज्या घरांचा संत्र्याशी, मोसंबीशी, डाळिंबाशी संबंध आहे, त्यांनी ही ओळ आपल्या चिठ्ठीत घेण्यास हरकत नाही. माल नासलेला दिसताच समोरच्याला दोष देण्याआधी एक फळ उचलावे, बोटांनी दाबून पाहावे आणि शक्य असल्यास एका रात्री विजेरी घेऊन बगीच्यात जावे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात या विषयाचे जाणकार आहेत. त्यांचा सल्ला घेता येतो.

ज्येष्ठ महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, शेठजींच्या पेढीवर एक पोते आले. त्यात कुंपणावरून काढून सावलीत वाळविलेली गुळवेलीची खोडे होती. सोबत चिठ्ठी नव्हती, पोते आणणाऱ्या गड्याने तेवढे सांगितले, “पाटलाईनं पाठवलं. म्हंतलं, विकून जे येईन ते दिव्याच्या खर्चात जमा करा.” शेठजींनी वही उघडली, पाटलांच्या खात्यावर ती रक्कम जमा धरली, आणि भाद्रपदात पाठवावयाच्या पत्रांच्या यादीत पहिले नाव लिहिले.